मंगोलियनच्या बाई शारजात आल्या

मंगोलियन शिकते असं सांगितलं की माणसं आधी हसतात आणि मग विचारतात, "का?" हसण्याचं मला काही नाही. त्या "का"चा मात्र वीट आलाय. जर्मन शिकणाऱ्याला कोणी का विचारत नाही, उलट क्लासचा पत्ता विचारतात. माझ्या नशिबी हा "का" लिहिलेला होता, आणि सगळ्यात जास्त वेळा तो घरातूनच आला, बाबांकडून.

खरं कारण असं. मी शारजात जन्मले आणि शारजातच वाढले. घरात मराठी, शाळेत इंग्लिश, लिफ्टमध्ये हिंदी आणि वर सक्तीचं अरबी. चार भाषा येतात म्हणून मिरवावं म्हटलं, तर चारही भाषांत मला कोणी ना कोणी हसलेलं आहे. पुण्याची आत्या माझ्या मराठीला "दुबई मराठी" म्हणते. शारजा आणि दुबई वेगवेगळी आहेत हे तिला आजतागायत पटलेलं नाही. बारावीनंतरच्या सुट्टीत मी एका हॉटेलच्या रिसेप्शनवर ट्रेनी म्हणून लागले. शेजारच्या काउंटरवर एक मंगोलियन मुलगी होती. ब्रेकमध्ये ती फोनवर आईशी बोलायची. मध्येच घशातून खर्र, मध्येच जिभेच्या कडेने हवा सोडल्यासारखं हिस्स, सर्दी झालेल्या मांजरासारखं. एक अक्षर कळत नव्हतं. पण मला वाटलं, ही भाषा मी कितीही चुकीची बोलले तरी आमच्या खानदानात कोणाच्या बापाला कळणार नाही! तिच्याकडून "कशी आहेस" आणि "जेवलीस का" शिकले, आणि जे वेड लागलं ते लागलं.

मंगोलियाच्या राजधानीत, उलानबातरच्या एका विद्यापीठात परदेशी विद्यार्थ्यांना आधी वर्षभर नुसती भाषा शिकवतात आणि मग पदवीला बसवतात. मी अर्ज केला, शिष्यवृत्ती मिळाली. त्यामुळे फी हा बाबांचा हुकमाचा पत्ता गेला. पण "नाही" म्हणायला त्यांना पत्ते लागत नाहीत. घरात पंधरा दिवस कुरुक्षेत्र झालं. मी दार आपटलं, जेवण सोडलं, आत्याला मध्ये घातलं, आणि शेवटी तह झाला तो असा: पहिलं सत्र कर, हिवाळ्याच्या सुट्टीत घरी ये, मग पुढचं बघू. तसंही सहा महिन्यांच्या आत इथे येऊन पाय टेकवणं भाग होतं, नाहीतर बाबांच्या व्हिसावरची माझी रेसिडेन्सी रद्द झाली असती. आम्हा इथल्या मुलांचं घर असं आहे, दर सहा महिन्यांनी हजेरी लावावी लागते.

सत्र झालं. एसीत वाढलेली मी उणे तीसमध्ये बर्फावर घसरत, आपटत, "आई गं" करत वर्गाला जात होते. जानेवारीत घरी आले. बाबांनी मला येण्याचं तिकीट पाठवलं होतं, जाण्याचं नव्हतं. मी पहिले दोन दिवस विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी नाश्त्याला बाबा पोह्यांवर लिंबू पिळत म्हणाले, "माझ्या ओळखीचे एक आहेत, शिपिंग कंपनीत. डॉक्युमेंटेशनला जागा आहे. पुढच्या आठवड्यात जॉइन हो म्हणतायत."

"आणि माझं दुसरं सत्र?"

"झाली की हौस. बघू म्हटलं होतं, बघितलं. आता खलास."

माझं डोकंच फिरलं. मी वीस वर्षांची होते, पासपोर्ट माझ्याच कपाटात होता, थोडी खटपट केली असती तर तिकीटही निघालं असतं. पण मी पळून जाणाऱ्यांतली नाही. मला बाबांचं "जा" हवं होतं. ते मिळाल्याशिवाय तिकडच्या थंडीत उठून सकाळी वर्गाला जाण्याचा दम माझ्यात नव्हता, हे मला पहिल्याच सत्रात कळलं होतं. बाबांना ते सांगायची सोय नव्हती. सांगितलं असतं तर म्हणाले असते, मग राहा इथेच.

अशात आमच्या बाईंचा मेसेज आला. बाई म्हणजे आमच्या वर्गशिक्षिका, आईपेक्षा दोन-चार वर्षांनी मोठ्या असतील. तिकडे शिक्षकाला नावाने हाक मारत नाहीत, "बग्शा" म्हणतात, म्हणून माझ्या डोक्यात त्या पहिल्या दिवसापासून बाईच. बहिणीबरोबर टूर घेऊन त्या आठवडाभर दुबईला आल्या होत्या. मेसेज होता: "तुझ्या देशात आले आहे. दोन दिवस दुकानंच बघते आहे. समुद्राला हात कुठे लावायला मिळेल?"

माझा देश! पासपोर्ट भारताचा, जन्म इथला, व्हिसा बाबांच्या नोकरीच्या जिवावर. पण हे सगळं मंगोलियनमध्ये समजावण्याइतकं माझं मंगोलियन नव्हतं, म्हणून मी "या, या" एवढंच लिहिलं.

मला वाटलं होतं बाबा कपाळाला आठ्या घालतील. पण माणूस मराठी, दारी पाहुणा येणार म्हटल्यावर भांडण बाजूला. "मंगोलियात समुद्रच नाही ना?" ते म्हणाले. "मग दुबईचा काय दाखवायचा, गर्दी नुसती. रविवारी डोंगरापलीकडे खोर फक्कानच्या किनाऱ्याला नेऊ. ए, थालीपिठं कर गं." शेवटचं आईला.

रविवारी सकाळी आम्ही बाईंना हॉटेलवरून उचललं. बहीण आली नाही, तिला अजून दुकानं बघायची होती. बाई निळा कोट घालून आल्या होत्या, जानेवारीत शारजात बरा वाटतो तेवढाच पातळ. आईला त्यांनी वाळवलेल्या दह्याचे खडे दिले, दोन्ही हातांनी. बाबांनी गाडी सुरू करायच्या आधी एक तोंडात टाकला आणि डोंगरातला पहिला बोगदा येईपर्यंत ते काही बोलू शकले नाहीत. आई खिडकीकडे तोंड करून हसत होती.

बोगद्यानंतर मात्र त्यांना कंठ फुटला. आणि तिथून माझी दुभाषीगिरी सुरू झाली.

इथे बाबांबद्दल एक सांगितलं पाहिजे. इंडस्ट्रियल एरियात क्रेन आणि फोर्कलिफ्ट दुरुस्त करणारं एक वर्कशॉप आहे, त्याचे ते मॅनेजर. त्यांच्या हाताखाली मलबारी, पठाण, बंगाली, नेपाळी, इजिप्शियन अशी सगळी जत्रा. रोज कोणी ना कोणी मध्ये उभं राहून एकाचं दुसऱ्याला सांगत असतं. त्यामुळे मधला माणूस किती गाळतो आणि किती पदरचं घालतो, हे बाबांना भाषा न कळता कळतं. बोलणाऱ्याने चार वाक्यं बोलली आणि सांगणाऱ्याने दोन शब्दांत आटपलं, की ते हात वर करतात, "बाकीचं कुठे गेलं?" गाडीतही त्यांनी आरशातून मला बजावलं, "जसंच्या तसं सांगायचं. मध्ये स्वतःचं घालायचं नाही. गाळायचं तर मुळीच नाही."

बाई पहिल्यांदा काय बोलल्या असतील? "तुमची मुलगी इतक्या लांब शिकते याचा तुम्हाला आनंद आहे, हे तिने वर्गात सांगितलं होतं. फार बरं वाटलं."

आली का पंचाईत! दुसऱ्याच आठवड्यात "माझं कुटुंब" या विषयावर प्रत्येकाला पाच वाक्यं बोलायची होती. नव्या भाषेत माणूस खरं ते बोलत नाही, येतं ते बोलतो. "आनंद" हा शब्द शिकवून झाला होता, "विरोध" हा शब्द चार महिने लांब होता. मी म्हणून मोकळी झाले, माझे बाबा आनंदी आहेत.

जसंच्या तसं सांगितलं. बाबांनी आरशातून माझ्याकडे असं बघितलं की मी सीटबेल्ट उगाचच नीट केला. आई म्हणाली, "अहो, रस्त्याकडे बघा."

खोर फक्कानला पोचलो तेव्हा किनाऱ्यावर अजून फार माणसं नव्हती. एका अंगाला बंदराच्या उंच क्रेन्स, मागे उघडे डोंगर, पुढे पाणी. बाबा बाईंना समुद्र सोडून क्रेन दाखवायला लागले, कुठली कशी उचलते, कुठलं हायड्रॉलिक लवकर बिघडतं. बाई मान डोलवत होत्या, पण त्यांचं लक्ष कुठे होतं ते आंधळ्यालाही दिसलं असतं. शेवटी आईच म्हणाली, "अहो, सोडा त्यांना, लेकरासारख्या बघतायत त्या पाण्याकडे." बाईंनी बूट काढले, मोजे काढले, घड्या घालून बुटात ठेवले, आणि हळूहळू पाण्यापर्यंत गेल्या. लाट पायावर आली तशा त्या मोठ्याने ओरडल्या, "आई गं!"

आई जागच्या जागी थांबली. "हे कोणी शिकवलं त्यांना?"

"बर्फाने," मी म्हटलं. माझं ऐकून ऐकून आमच्या अख्ख्या वर्गाला ते पाठ झालं होतं. कोरियन मुलंसुद्धा घसरली की "आई गं" म्हणायची.

बाईंनी ओंजळीत पाणी घेऊन चाखलं, तोंड वाकडं केलं, परत चाखलं. मग ओल्या हाताने स्वतःच्या कपाळाला लावलं. आम्ही तिघं उगाचच इकडेतिकडे बघत राहिलो. देवाच्या दारात दुसऱ्याकडे टक लावून बघू नये, तसं वाटलं.

मग चटई घातली. थालीपीठ, लोण्याचा गोळा, लसणाची चटणी आणि डबाभर दही. बाईंनी चटणीला हात जोडले आणि दह्याचा डबा जवळजवळ एकटीने संपवला. आई तिथेच त्यांच्या पक्षात गेली. दही आवडणारं माणूस वाईट नसतं असं तिचं ठाम मत आहे. थर्मासमधला चहा झाला, आणि बाबांनी मांडी बदलली. ते मांडी बदलतात तेव्हा कामाचं बोलायला लागतात.

"त्यांना सांग," बाबा म्हणाले, "मुलगी आमची तशी काही फार अभ्यासू नाही. डोकं गरम. धरसोड करते. आज हे, उद्या ते. तुम्ही शिकवता, तुम्हाला माहीत. हिला हे खरंच जमणारं आहे का? खरं काय ते सांगा."

आता आपल्याकडची रीत आपल्याला ठाऊक असते. पाहुण्यांसमोर आईबापांनी आपल्याच पोराला नावं ठेवायची, कसला अभ्यास हो, दिवसभर मोबाईल. आणि पाहुण्यांनी लगेच म्हणायचं, छे हो, हुशार आहे तुमची, उगाच काहीतरी. मग आईबापांनी नको नको करत खूश व्हायचं. इतकी वर्षं आमच्या हॉलमध्ये हे नाटक मी बघत आले होते. बाबांनी त्यांचं वाक्य टाकलं होतं, आता बाईंनी त्यांचं टाकायचं होतं. माझं पुढचं सगळं त्या एका "छे हो"वर टांगलेलं होतं. मी बाबांचं बोलणं सांगितलं आणि बाईंच्या तोंडाकडे बघत बसले.

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मग बाबांकडे. आणि म्हणाल्या, "बरोबर आहे तुमचं."

त्या पुढे बोलतच राहिल्या. अक्षर कोंबडीने उकरल्यासारखं. वरून खाली लिहायची जुनी लिपी हिच्या हातून तिरकी जाते, शेवटी कागदाबाहेर पडते. वर्गात वाद घालते. चूक दाखवली की तोंड फुगवते. डोकं गरम म्हणता ते अगदी खरं. इतरांसारखीच आहे, विशेष काही नाही.

मी बाबांकडे बघितलं. ते वाट बघत होते. गाळता येणार नव्हतं. आणि तेव्हा मला असा राग आला, बाईंचा, बाबांचा, स्वतःचा, त्या दह्याच्या डब्याचासुद्धा! म्हटलं जसंच्या तसं हवंय ना, घ्या. कोंबडीपासून फुगलेल्या तोंडापर्यंत सगळं सांगितलं, एक शब्द सोडला नाही. सांगताना कान पेटले होते. संपलं सगळं, मनात म्हटलं, सोमवारपासून डॉक्युमेंटेशन.

आई म्हणाली, "अगं बाई, तोंडावर?"

"विशेष काही नाही असं म्हणाल्या?" बाबांनी विचारलं.

"हो."

"त्यांना विचार, किती महिने झाले हिला शिकून?" त्यांचा आवाज वर्कशॉपमधला झाला होता. "पाच! पाच महिन्यांत माणसाला काय येतं? मी इथे आयुष्य काढलं, मला अरबी किती येतं? यल्ला, खलास, इन्शाल्ला. एवढ्यावर नोकरी केली. आणि ही सकाळपासून तुमच्याशी बोलतेय, न अडखळता. हे विशेष नाही? सांग त्यांना!"

सांगितलं. बाईंच्या चेहऱ्यावर काळजी दिसली. त्या घाईघाईने म्हणाल्या, "नाही नाही, फार चुका करते. खूप चुका."

हेही सांगितलं. बाबा गुडघ्यावर आले. "चुका? सात-आठ वर्षांची होती तेव्हा सुट्टीत माझ्याबरोबर वर्कशॉपला यायची. आमच्या पठाण ड्रायव्हरकडून आठवड्यात पश्तो आकडे शिकली होती. शंभरपर्यंत! तो मला म्हणाला होता, साब, बच्ची का कान अच्छा है. मी अख्ख्या ऑफिसला सांगितलं होतं ते. सांग, सांग."

हे मला माहीत नव्हतं. आकडे मला आठवत होते, ऑफिसला सांगितलेलं माहीत नव्हतं. मला घरी येऊन म्हणाले होते, हात धू, ग्रीस लागलंय. आणि आता ते सगळं मलाच सांगायचं होतं, बाबांच्या जागी उभं राहून, "मी" म्हणून. मी मंगोलियनमध्ये म्हटलं, माझ्या मुलीचा कान चांगला आहे. मी सगळ्यांना ते सांगितलं होतं. माझी मुलगी हुशार आहे. बाबा मराठीत असं कधी बोलले नव्हते, मी मंगोलियनमध्ये ते पहिल्यांदा ऐकलं, आणि तेही माझ्याच तोंडून. डोळे भरून आले. पुसले नाहीत, वाक्य राहिलं असतं.

बाई आता खरंच घाबरल्या होत्या. माझा दंड धरून, बाजूला वाळूत थुंकल्यासारखं करून त्या म्हणाल्या, "मूहाय, मूहाय!" म्हणजे कुरूप, घाणेरडी.

बाबांना शब्द कळला नाही, थुंकणं कळलं. "हे काय चाललंय? पुढच्या वर्षी भेटा म्हणावं मला, पुढच्या वर्षी! पूर्ण शिकू दे तिला आधी, मग काय ते बोला. मी पाठवतोय ना तिला!"

एवढं बोलले आणि थांबले. आईच्या हातातला थर्मासचा कप तसाच राहिला.

आणि माझ्या डोक्यात त्या क्षणी दिवा लागला. मूहाय! वर्गात धडाच होता त्याच्यावर. तिकडे गोड बाळ दिसलं की बघणारा म्हणतो, किती कुरूप आहे हो. म्हणजे वाईट नजर आलीच तर तिला वाटावं, इथे घेण्यासारखं काही नाही. आवडत्या पोराचं त्याच्या आईबापासमोर कौतुक करणं म्हणजे त्याच्यावर संकट ओढवून घेणं. धडा पाठ होता, पण पुस्तकातलं बाळ वेगळं आणि बापासमोर स्वतःचं अक्षर कोंबडीचं ठरणं वेगळं. रागाच्या भरात माझ्या ते लक्षातच आलं नाही. बाबा स्तुती करत होते आणि बाई जिवाच्या आकांताने ती पुसत होत्या. दोघं माझ्याच बाजूने एकमेकांशी भांडत होते, आणि मध्ये बसून मी दोन्हीकडे तेल ओतत होते.

आता मला ठरवायचं होतं. "मी पाठवतोय ना" हे बाबा रागात बोलून गेले होते. ज्याचा राग आला तोच गैरसमज होता म्हटल्यावर शब्दही परत घेता आला असता. गप्प बसले असते तर त्या शब्दावर तिकीट निघालं असतं. पण मग परतीच्या वाटेवर गाडीत माझ्या शेजारी बसलेली बाई आईबाबांच्या लेखी पाहुणचार खाऊन पोरीला नावं ठेवणारी ठरली असती. ते काही मला सोसवेना. ज्यांनी मला बोलायला शिकवलं त्यांच्याबद्दल निदान खरं तरी बोलायला हवं होतं.

"बाबा," मी म्हटलं, "आता मी मध्ये माझं घालणार आहे. ऐका." आणि सगळं सांगितलं. बाळाचं, नजरेचं, कुरूप म्हणण्याचं.

आईला अर्ध्यातच कळलं. "म्हणजे दृष्ट काढतायत त्या! अहो, दृष्ट काढतायत!" ती चटईवरून सरकत माझ्यापाशी आली, दोन्ही हात माझ्या तोंडावरून ओवाळून स्वतःच्या कानशिलांवर बोटं कडाकडा मोडली. बाईंनी ते बघितलं आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी माझा दंड सोडला, आईकडे बघून जोरजोरात मान हलवली. त्या दोघींना माझी गरजच उरली नाही.

बाबा चटईच्या कडेची वाळू झटकत होते. झटकून झालेली जागा परत झटकत होते. मी त्यांच्या तोंडाकडे बघायचं टाळत होते, कारण आता ते म्हणणार, असं होय, मग रागात बोललो ते सोड.

बाईंनी मला विचारलं, "वडील शेवटी काय म्हणाले? ते तू सांगितलं नाहीस."

"काय विचारतायत?" बाबा म्हणाले.

"तुम्ही शेवटी काय म्हणालात ते."

"मग सांग की."

"काय सांगू?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. "मी बोललो ते. पाठवतोय म्हणून."

मी सांगितलं. तीन शब्द होते, तिन्ही नीट उच्चारले. बाईंनी सरळ बसून दोन्ही हात पुढे केले, तळवे वर करून, तिकडे घरातल्या थोरांना भेटताना करतात तसे, आणि बाबांच्या कोपरांना खालून आधार दिल्यासारखं धरलं. बाबा अवघडले, पण त्यांनी हात मागे घेतले नाहीत. बाई म्हणाल्या, "तुमच्या या कुरूप मुलीला मी नीट बघेन. थंडीत टोपी घालत नाही ती. मी घालायला लावेन."

मी सांगायला सुरुवात केली आणि टोपीपर्यंत पोचलेच नाही. आईने पाठीवर हात ठेवला. कसंबसं पूर्ण केलं.

बाबांनी खाकरून घसा साफ केला. बाईंकडे बघून, माझ्याकडे अजिबात न बघता ते म्हणाले, "सांग त्यांना, काही विशेष नाही हो. ध्यान आहे आमचं नुसतं." मग थांबले, आणि हळू आवाजात म्हणाले, "एकच आहे. सांभाळा."